पातळी जुळली म्हणजे मॉडेल पडताळले असे नव्हे: समुद्री विसर्जनाचे अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञ समित्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सांडपाणी असो, वीजकेंद्रातले गरम पाणी असो, निःक्षारीकरणानंतर उरलेले खारट पाणी असो की अणुप्रकल्पातले प्रक्रिया केलेले पाणी, ते समुद्रात सोडायचा प्रस्ताव तुमच्यापुढे येतो तेव्हा सोबत एक जाडजूड अहवाल असतो. त्यात 'मॉडेलची पडताळणी' नावाचे प्रकरण हमखास असते. (मॉडेल म्हणजे समुद्राच्या हालचालीचे संगणकावर केलेले गणित.) एका आलेखात मोजलेली पाण्याची पातळी आणि मॉडेलने काढलेली पातळी एकमेकींवर अशा बसलेल्या असतात की दोन रेघा वेगळ्या काढता येत नाहीत. दुसऱ्या आलेखात प्रवाहाचा वेग, थोडा इकडेतिकडे, पण एकूण समाधानकारक. खाली सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन रेघा किती जुळतात याचे माप, ०.९८ वगैरे (पूर्ण जुळणीला १). पान उलटले की लगेच रंगीत नकाशे सुरू होतात: पदार्थ इथपर्यंत जाईल, तिथे इतका विरळ होईल, अमुक किनाऱ्याला त्याचा उपद्रव नाही.

या दोन पानांच्या मधे एक पान गायब असते. ज्या विरघळलेल्या पदार्थासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याचे समुद्रात प्रत्यक्ष मोजलेले प्रमाण आणि मॉडेलने सांगितलेले प्रमाण यांची तुलना त्या अहवालात नसते. हे पान नसेल तर तुम्ही त्या मॉडेलला 'पडताळलेले' म्हणू नये, एवढीच विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. मी स्वतः याच धंद्यात आहे, त्यामुळे ही मागणी मान्य झाली तर माझेही काम वाढणार, हे ठाऊक आहे.

शांत समुद्रात ही उणीव एक वेळ खपून जाईल. जिथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो तिथे ती खपवून घेता कामा नये. कॅनडातला फंडीचा उपसागर, इंग्लंडमधली ब्रिस्टल खाडी, फ्रान्समधला सेंट मालोचा परिसर, खंभातचे आखात या जागा याच जातीच्या. इथे दर बारा तास पंचवीस मिनिटांनी पाण्याचा प्रचंड साठा आत येतो आणि परत जातो. त्या येरझाऱ्यांचा दरारा एवढा असतो की बाकीचे सगळे त्यात झाकून जाते. गंमत अशी की या येरझाऱ्या बरोबर काढणे, हेच या सगळ्यातले सर्वांत सोपे काम आहे.

पातळीचे पाहा. मॉडेलचे क्षेत्र म्हणजे समुद्राचा एक तुकडा. त्याच्या उघड्या सीमेवर भरतीची पातळी आपणच बाहेरून भरतो, ती बहुधा एखाद्या मोठ्या मॉडेलमधून किंवा उपग्रहांच्या मोजणीतून घेतलेली असते. मग आत वीस किलोमीटरवर पातळी जुळली यात नवल ते काय? जे घातले तेच थोड्या उशिराने बाहेर आले. चंद्र-सूर्याच्या गतीवर बेतलेली भरतीची कोष्टके एकोणिसाव्या शतकापासून छापली जात आहेत आणि त्यांचाही सहसंबंध गुणांक असाच घसघशीत निघतो. म्हणून ०.९८ हा आकडा पाहून माझे तरी समाधान होत नाही. त्यातून एवढेच कळते की सीमेवरची भरती बरोबर भरली आहे आणि खोलीच्या आकड्यांत ढोबळ घोटाळा नाही.

प्रवाहाच्या आलेखाला याहून जास्त किंमत आहे, पण तिथेही फसगत होते. थोडे गणित करून दाखवतो. भरतीच्या प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला दीड मीटर धरा. अशा ठिकाणी पाण्याचा एक कण एका ओहोटीत सुमारे एकवीस किलोमीटर जातो आणि भरतीबरोबर जवळजवळ तेवढाच परत येतो. हे 'जवळजवळ' महत्त्वाचे. परत येताना जी तूट राहते, तिच्यामुळे पदार्थ खरोखर कुठेतरी जातो. या उरलेल्या संथ वाहण्याला आम्ही अवशिष्ट प्रवाह म्हणतो आणि तो सेकंदाला तीन सेंटिमीटर असला तरी दहा दिवसांत पदार्थ सुमारे सव्वीस किलोमीटर सरकतो. आता मॉडेलचा अवशिष्ट प्रवाह दोन सेंटिमीटरने चुकला असे समजा. तीनाच्या जागी एक आला तर दहा दिवसांत जेमतेम नऊ किलोमीटर, पाच आला तर त्रेचाळीस. आणि ही दोन सेंटिमीटरची चूक तुमच्यासमोरच्या आलेखात दिसेल का? उणे दीड ते अधिक दीड मीटर असा अक्ष आणि दहा सेंटिमीटर उंचीचे चित्र असेल तर ती पाऊण मिलिमीटरही भरत नाही. रेघेच्या जाडीत मावते.

म्हणजे प्रवाहाचा आलेख देखणा असतानाही पदार्थ चुकीच्या गावाला पोचू शकतो. मुळात एका जागी नांगरलेल्या यंत्रावरच्या नोंदींची सरासरी हा तिथल्या पाण्याच्या कणाचा प्रवास नसतोच. कण त्या जागेवर थांबत नाही. तो भूशिराला वळसा घालतो, भोवऱ्यात सापडतो, उथळ जागी रेंगाळतो, आणि परतीच्या वाटेवर त्याला वेगळेच प्रवाह भेटतात. यंत्राच्या जागी सरासरी प्रवाह उत्तरेकडे आणि कणाची निव्वळ चाल दक्षिणेकडे, असेही भूशिरांजवळ घडते.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिची रुंदी तेहतीस किलोमीटरच्या आसपास आणि सरासरी खोली तीसेक मीटर. भरतीच्या जोराच्या वेळी तिच्यातून सेकंदाला दहा लाख घनमीटरहून जास्त पाणी एका दिशेने जाते आणि सहा तासांनी उलट फिरते. या सगळ्या धुमाकुळातून इंग्लिश खाडीकडून उत्तर समुद्राकडे निव्वळ जाणारे पाणी सेकंदाला साधारण एक लाख घनमीटर. वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले अंदाज या आकड्याच्या खाली-वर आहेत, आणि ते बसवण्यात पाण्यात विरघळलेल्या खुणांचा, म्हणजे ट्रेसरचा, मोठा वाटा आहे. फ्रान्सच्या ला हाग येथील अणुइंधन पुनर्प्रक्रिया कारखान्यातून सोडलेले अँटिमनी-१२५ हे किरणोत्सारी द्रव्य त्यांतले एक. १९८० आणि १९९० च्या दशकांत इंग्लिश खाडीत आणि उत्तर समुद्रात त्याचा माग काढला गेला. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते घटून निम्मे व्हायला लागणारा काळ, पावणेतीन वर्षांचे, त्यामुळे महिन्यामहिन्यांचा प्रवास त्यात नीट टिपता येतो.

ला हागची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण मला जे पान हवे आहे ते कसे असते, हे तिच्यातून दिसते. कारखाना नॉर्मंडीतल्या कोटांतँ द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाजवळ आहे. त्याचे पाणी नळातून जिथे सोडले जाते तिथे ऑल्डर्नी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधून युरोपातल्या सर्वांत जोरकस भरती-प्रवाहांपैकी एक वाहतो. काही जागी त्याचा वेग सेकंदाला पाच मीटरपर्यंत जातो. सोडलेल्या पाण्यात ट्रिटियम असते. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचेच जड भावंड. ते पाण्याच्या रेणूतच बसलेले असल्यामुळे गाळाला चिकटत नाही की तळाशी बसत नाही, पाणी जाईल तिकडे जाते. अर्धायुष्य बारा वर्षांहून थोडे जास्त, म्हणजे काही दिवसांच्या प्रयोगात त्याची घट विचारात घ्यायचीही गरज नाही. केव्हा आणि किती सोडले याची नोंद कारखान्याकडे असते. २००० नंतरच्या दशकात शेरबूरच्या फ्रेंच किरणोत्सार-सुरक्षा प्रयोगशाळेने या संधीचा पुरेपूर उपयोग केला. जहाज थेट सोडलेल्या पाण्याच्या झोतातून आडवे नेऊन ठरावीक, अगदी थोड्या थोड्या अंतराने पाण्याचे नमुने घेतले, प्रत्येकाची जागा आणि वेळ नोंदवली, आणि मॉडेलचे उत्तर त्याच जागी, त्याच वेळी काढून प्रत्येक नमुन्याशी ताडून पाहिले.

मॉडेल तिथे किती बरोबर आले यापेक्षा, ते कुठे आणि किती चुकले हे सांगता आले, याला माझ्या लेखी जास्त महत्त्व आहे. तुमच्यापुढे येणाऱ्या बहुतेक अहवालांना तेच सांगता येत नाही.

ट्रेसर कोणताही चालत नाही, हेही या निमित्ताने सांगायला हवे. इंग्लंडच्या सेलाफिल्ड येथील अणुइंधन कारखान्यातून आयरिश समुद्रात सोडलेले किरणोत्सारी सीझियम-१३७ हे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. १९७० च्या दशकाच्या मध्याला त्याचे प्रमाण कळसाला पोचले, आणि स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रापर्यंत त्याचा माग काढता आला. पण सीझियमचा काही भाग चिखलाला चिकटतो आणि पुढे अनेक वर्षे हळूहळू सुटत राहतो. विसर्जन कमी झाल्यावर आयरिश समुद्राचा तळच उगम बनला. अशा पदार्थावर पाण्याच्या प्रवासाचा काळ बेतला तर उत्तर गढूळ येणारच. १९९४ पासून तिथून टेक्निशियम-९९ हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य मोठ्या प्रमाणात सोडले जाऊ लागले. ते पाण्यात चांगले विरघळलेले राहते आणि त्याची सुरुवातही ठळक होती. त्याचा पुढचा काठ नॉर्वेच्या किनाऱ्याकडे आधीच्या अंदाजांपेक्षा लवकर पोचला. समुद्र तोच आणि कारखानाही तोच, पण खूण बदलल्याबरोबर वेगाचा अंदाज बदलला. म्हणून अर्जदार 'आम्ही ट्रेसर वापरला' असे म्हणाला की लगेच विचारा: कोणता, आणि तो गाळाला चिकटतो का?

आता मॉडेलच्या पोटात शिरू या. इथे एक खोड अशी आहे की तिचा फायदा नेहमी अर्जदारालाच होतो, आणि त्यात कोणाची लबाडी असायची गरज नसते. मॉडेल समुद्राचे चौकोन पाडते. समजा, एक चौकोन दोनशे मीटरचा आणि खोली वीस मीटर. नळातून आलेला पदार्थ कागदावर पहिल्याच क्षणी आठ लाख घनमीटर पाण्यात मिसळून जातो. प्रत्यक्षात तो तेव्हा घरातल्या एखाद्या खोलीएवढ्या पाण्यात असतो. पुढे प्रत्येक पायरीला पदार्थ एका चौकोनातून दुसऱ्यात ढकलताना साधी गणनपद्धत वापरली, तर तो कडांना आपोआप पसरतो. या बनावट पसरण्याचा गुणांक, म्हणजे पसरण किती झपाट्याने होते ते सांगणारा आकडा, ढोबळमानाने वेग गुणिले चौकोनाची लांबी भागिले दोन इतका चढू शकतो. सेकंदाला एक मीटर वेग आणि दोनशे मीटरचा चौकोन धरला तर सेकंदाला शंभर चौरस मीटर. खऱ्या समुद्रात काय दिसते? समुद्रशास्त्रज्ञ अकिरा ओकुबो यांनी १९७१ मध्ये समुद्राच्या पाण्यात रंग मिसळून जगभर केलेले प्रयोग एकत्र मांडले. त्यांच्या सूत्रानुसार किलोमीटरभर पसरलेल्या डागासाठी हा गुणांक सेकंदाला अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास येतो. जोराच्या भरतीत वरच्या आणि तळाच्या पाण्याच्या वेगात फरक असतो, त्यामुळे प्रवाहाच्या दिशेने तो दहाच्या घरात जाऊ शकतो. आडव्या दिशेने तसे होत नाही. म्हणजे मॉडेल पदार्थाला खऱ्यापेक्षा कितीतरी पट वेगाने विरळ करते आणि तुमच्यापुढचा रंगीत नकाशा फिकट, शांत, निर्धोक दिसतो. याहून चांगल्या गणनपद्धती उपलब्ध आहेत, चौकोन बारीकही करता येतात. पण अहवालात पद्धतीचे नाव आणि चौकोनाचा आकार शोधायला परिशिष्ट उघडावे लागते, आणि कधीकधी तिथेही ते नसते.

पसरण जितके मोठे होते तितका गुणांक वाढतो, हे हवामानशास्त्रज्ञ लुईस रिचर्डसन यांनी हवेसाठी १९२६ मध्येच मांडले होते. पुढे १९४८ मध्ये त्यांनी आणि समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी स्कॉटलंडच्या एका समुद्र-खाडीत पार्सनिप नावाच्या कंदाचे तुकडे तरंगवून ते एकमेकांपासून कसे दूर जातात ते मोजले. इतक्या फुटकळ साधनांनी केलेले मोजमापही, समुद्रात कोणीच न उतरता गुणांकाला दिलेल्या एका आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचे आहे. तरीही अहवालांत उगमापासून शंभर मीटरवर आणि वीस किलोमीटरवर तोच एक गुणांक लावलेला मी अनेकदा पाहतो. तो कुठून आला असे विचारले तर 'जुळवणीतून' असे उत्तर येते. कशाशी जुळवला? ज्या मोजमापाशी जुळवला त्याच मोजमापावर पडताळणी केली असेल, तर तो आधी फोडलेल्या प्रश्नपत्रिकेवर मिळवलेला पहिला नंबर आहे.

एक गोष्ट मात्र अर्जदारांच्या बाजूने सांगायला हवी. जोरदार भरतीच्या समुद्रात पाणी वरपासून तळापर्यंत घुसळले जाते. पाण्याची खोली आणि वेगाचा घन यांच्या गुणोत्तरावरून ते कुठे घुसळलेले राहील आणि कुठे थर धरेल, हे सिम्पसन आणि हंटर या समुद्रशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये आयरिश समुद्रात दाखवून दिले. त्यामुळे उगमापासून दूर गेल्यावर खोलीभर सरासरी घेणारे साधे मॉडेल पुरते. त्रिमितीय मॉडेलचा आग्रह प्रत्येक ठिकाणी धरू नका. तो पैसा नमुने घेण्यावर खर्च झालेला बरा.

नमुने घेण्याविषयी मात्र काटेकोर राहा. पाणी सेकंदाला तीन मीटरने धावत असेल तर दहा मिनिटांत ते जवळजवळ दोन किलोमीटर पुढे जाते. सकाळपासून दुपारपर्यंत गोळा केलेल्या बाटल्यांवरून काढलेला 'त्या दिवसाचा नकाशा' हा कोणत्याही एका क्षणाचा नकाशा नसतो. प्रत्येक बाटलीची तुलना तिच्याच वेळेशी व्हायला हवी, आणि ती वेळ कोणत्या घड्याळाची हे लिहिलेले असायला हवे. यंत्र जागतिक वेळ लावते, खलाशी स्थानिक वेळ लिहितो. एका तासाचा फरक म्हणजे त्याच वेगाने अकरा किलोमीटर. खोलीच्या आकड्यांचेही तसेच: नाविक नकाशातली खोली सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजलेली असते आणि मॉडेलला बहुधा सरासरी समुद्रपातळीपासून लागते. मोठ्या भरतीच्या जागी या दोहोंत कित्येक मीटरचे अंतर असते. ते दुरुस्त केले आहे का, हा प्रश्न एका ओळीचा आहे, पण विचारला जात नाही.

शिवाय मोजणी बहुतेक वेळा भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी जोराच्या भरतीला, वारा पडलेला असताना होते, कारण तेव्हा होडी सुखाने चालते. उधाणाला आणि वाऱ्यात समुद्र निराळाच वागतो. निदान उधाण आणि भांग असे दोन्ही, आणि एक तरी वाऱ्याचा दिवस मोजणीत असावा. उथळ चिखलाची पट्टी जवळ असेल तर तिच्यावर पाणी चढताना आणि उतरताना वेगळे नमुने हवेत. पदार्थ अडकून राहतो तो तिथेच.

तुलनेच्या निकषांवरही बोलायला हवे. झोत खरा जसा आहे तसाच मॉडेलने काढला, पण पाचशे मीटर बाजूला, तर बिंदूबिंदूच्या हिशेबात त्याला दोनदा शिक्षा होते: जिथे पदार्थ आहे तिथे तो नाही म्हटल्याबद्दल, आणि जिथे नाही तिथे आहे म्हटल्याबद्दल. याउलट सगळे पुसट करून टाकणाऱ्या मॉडेलला बरे गुण पडतात. हवामानशास्त्रज्ञांना ही अडचण जुनी आहे. म्हणून एकच गुणांक मान्य करू नका. मोजलेल्या प्रमाणाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत किती नमुने बसले, सर्वाधिक प्रमाण किती चुकले, ते किती अंतराने आणि किती मिनिटांनी सरकले, हे वेगवेगळे मागा. आणि मॉडेलची तुलना एखाद्या बाळबोध अंदाजाशीही करायला लावा, उदाहरणार्थ 'सगळीकडे सारखे विरळ झाले'. त्याच्यापेक्षा मॉडेल सरस नसेल तर ते वापरायचे कशाला?

'पण आमचे उत्तर दुसऱ्या संस्थेच्या मॉडेलशीही जुळते,' हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमात जपानमधल्या अणुअपघात झालेल्या फुकुशिमाजवळच्या समुद्रासाठी अनेक मॉडेले शेजारीशेजारी चालवली गेली, तेव्हा सुरुवातीला त्यांची उत्तरे बरीच फाकली. सर्वांना एकच प्रवाह आणि एकसारखे गुणांक दिल्यावर ती जवळ आली. हे होणारच होते. सारखे खाद्य दिलेली मॉडेले सारखे बोलतात, त्यातून समुद्र काय म्हणतो ते कळत नाही.

हवेत काम करणाऱ्यांनी याबाबत एक वाट घालून दिली आहे. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर युरोपात मॉडेलांची परीक्षा घ्यायचे ठरले. २३ ऑक्टोबर १९९४ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या मोंतेरफील येथून एक निरुपद्रवी वायू सोडण्यात आला, सतरा देशांतल्या १६८ ठिकाणी हवेचे नमुने घेतले गेले, आणि मॉडेल चालवणाऱ्यांना मोजमापे न दाखवता अंदाज द्यायला लावले. जोरदार भरतीच्या समुद्रासाठी असे करणे अवघड नाही. अर्जदाराला उगमाची नोंद, वारा आणि भरतीची तारीख द्या, त्याचे उत्तर तुमच्याकडे जमा होऊ द्या, आणि मोजमापांचा लखोटा त्यानंतर उघडा.

खर्चाचा मुद्दा येईल. ऱ्होडामिनसारखा रंग सोडून प्रकाशमापकाने त्याचा माग काढण्याची पद्धत १९६० च्या आसपासपासून रुळलेली आहे. नदीमुखाजवळ पाण्याचा खारटपणा हाच फुकटचा ट्रेसर असतो. शेजारी आधीपासून चालू असलेले एखादे विसर्जन असेल तर त्यातला एखादा न चिकटणारा घटक चालतो. जीपीएस लावलेले तरंगते बोये उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर वारा बसतो आणि ते विरळ होत नाहीत, तेव्हा त्यांना फक्त पूरक पुरावा माना. जिथे यांतले काहीच शक्य नसेल तिथे परवाना टप्प्यांत द्या: आधी थोडे पाणी सोडायची परवानगी, त्याचाच माग, मॉडेलची परीक्षा, आणि मगच पूर्ण क्षमतेला मान्यता.

जमलेली मोजमापे जागा, वेळ आणि उगमातून तासागणिक किती सोडले याच्या नोंदीसह खुली ठेवण्याची अट परवान्यातच घाला. पुढचा अर्जदार त्याच समुद्रात येणार आहे, आणि त्याच्या मॉडेलला पहिल्याच दिवशी कशाशी तरी ताडून पाहता येईल. तोवर तुमच्या कार्यवृत्तात 'मॉडेल पडताळले' या शब्दांऐवजी 'पाण्याची पातळी व प्रवाह तपासले. विरघळलेल्या पदार्थाची पडताळणी बाकी' असे नोंदवावे. त्यासाठी कोणताही नियम बदलावा लागत नाही, पुढच्या बैठकीपासून करता येईल.

कळावे,

आपला नम्र,
समुद्री प्रवाहांची मॉडेले करणारा एक अभियंता